काहीच न झाल्याचे पेढे

मिरजेत ऑपरेशन होऊन घरी गेलेला माणूस टाके सुकले की पुन्हा येतो, तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. सातारकडचा असला तर कंदी पेढे, नाहीतर वाटेत मिळतील ते. डॉक्टर "अहो, हे कशाला" म्हणत पुडा टेबलाच्या कडेला सरकवतात आणि संध्याकाळपर्यंत सिस्टरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची तोंडं गोड होतात. मला हा व्यवहार फार आवडतो. त्यात पावती नाही, जीएसटी नाही. मुतखडा बाटलीत घालून दाखवता येतो, बदललेला गुडघा चालवून दाखवता येतो. दिसतं, म्हणून पेढे येतात.

पण ज्याला मुतखडा झालाच नाही त्यानं पेढे कुणाला द्यायचे? ज्या पोराला गोवर निघाला नाही त्याच्या आईनं कुणाच्या पाया पडायचं? विहिरीत वेळेवर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पूड, पडलं म्हणून ज्या गावात जुलाबाची साथ आली नाही, त्या गावानं टीसीएल टाकणाऱ्या शिपायाचा सत्कार केल्याचं कुणी ऐकलंय? उलट पाण्याला वास मारतो म्हणून त्यानं चार शिव्याच खाल्ल्या असतील.

हा प्रश्न आमच्या घरात पुतणीमुळं शिरला. ती एमबीबीएस झाली तेव्हा घरानं पेढे वाटले. पुढं एमडीला प्रवेश मिळाला तेव्हाही वाटायला काढले होते, पण माझ्या थोरल्या बहिणीनं मध्येच चौकशी केली.

"एमडी कशात गं?"

"कम्युनिटी मेडिसिन, आत्या."

"म्हणजे अवयव कुठला?"

"अवयव नाही. समाज."

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. पण दवाखाना कुठं काढणार?"

दवाखाना निघाला नाही. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते, खेड्यापाड्यांत सर्व्हे करते आणि लग्नसमारंभात भेटलेले नातेवाईक आपले गुडघे घेऊन तिच्याजवळ आले की त्यांना शांतपणे अस्थिरोगतज्ज्ञाचा नंबर देते. नातेवाइकांचं तिच्याविषयी एकमत आहे: पोरगी हुशार होती, पण औषध देत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात सांगलीकडं लोकसंख्येच्या आरोग्यावर एक परिषद भरली. तिथं तिला निबंध वाचायचा होता आणि सातारहून गाडी चालवायला कुणीतरी हवं होतं. मी निवृत्त आहे, गाडी बरी चालवतो आणि फुकटच्या जेवणाला नाही म्हणत नाही. परिषदेत माझ्या गळ्यात जे ओळखपत्र अडकवलं त्यावर 'ॲकम्पनिंग पर्सन' असं लिहिलेलं होतं. एरवी ते डॉक्टरांच्या बायकांच्या गळ्यात असतं आणि त्यांना दुपारी गणपतीच्या देवळाला आणि साड्यांच्या दुकानाला नेतात. मी साड्यांना नकार दिला आणि सभागृहात मागच्या रांगेत बसलो.

सातारहून सांगलीला जाताना कराड ओलांडून पेठ नाक्याला डावीकडं वळायचं, की इस्लामपूर, आष्टा आणि मग सांगली. कृष्णा या वाटेच्या आजूबाजूनं वाहते. महाबळेश्वरला उगम, वाईला घाट, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना थेट समोरून येऊन भिडते, आणि ते सगळं पाणी सांगलीला आयर्विन पुलाखालून जातं. पुलावरची पाण्याची पातळी फुटात सांगतात. २०१९ च्या ऑगस्टात ती सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा तो आकडा शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता. पुतणी गाडीत म्हणाली, "काका, लोकसंख्येचं आरोग्य म्हणजे काय ते शिकवायला मला ही एक नदी पुरते. वाईपासून कराडपर्यंत जे सोडू ते सांगलीनं प्यायचं." मी सातारकर असल्यामुळं या विषयावर फार बोललो नाही.

हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा नावाचा जिल्हा वेगळा काढला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याला सांगली हे नाव मिळालं. वाटणी झालेल्या भावांसारखं त्यांचं चालतं: बोलणं गोड, पण डोळा एकमेकांच्या उंबऱ्यावर. परिषदेत हे ठायी ठायी दिसलं. कुणी साताऱ्याचा आकडा पडद्यावर लावला की मागून सांगलीचा आवाज येई, "आमचा किती?" लसीकरण असो, रक्तक्षय असो, सिझेरियनचं प्रमाण असो, आधी शेजाऱ्याचा आकडा बघायचा आणि मग आपल्या आकड्याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही ते ठरवायचं.

वैद्यकीय वैभवात मात्र सांगलीचं पारडं जड. विल्यम वॉनलेस नावाचा मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८९४ मध्ये त्यानं मिरजेत रुग्णालय उघडलं. त्याच्या हाताला गुण होता आणि मिरज जंक्शन होतं. या दोन गोष्टींनी मिरजेचं पुढचं शतक ठरवून टाकलं. कर्नाटकातून, कोकणातून, मराठवाड्यातून माणसं गाडी धरून यायची. पुढं १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. आजही मिरजेत उतरलेला परका माणूस दोनांपैकी एका कामासाठी आलेला असतो, शरीर दुरुस्त करायला किंवा तंबोरा. साताऱ्यानं कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय काढून बरीच बरोबरी केली. पण मिरजेच्या गल्लीत जितक्या पाट्या आहेत तितक्या अजून आमच्याकडं नाहीत, हे मान्य करावं लागतं.

उद्घाटन साडेनऊला होतं. दीपप्रज्वलन पावणेअकराला झालं, कारण मुख्य पाहुणे वाटेत होते आणि एसीच्या झोतात वात राहत नव्हती. शेवटी एका निवासी डॉक्टरला एसीकडं पाठ करून उभं केलं तेव्हा ज्योत टिकली. समईमागं दोन तसबिरी होत्या, धन्वंतरीची आणि सावित्रीबाई फुल्यांची. धन्वंतरी ठीकच. पण सावित्रीबाईंची तसबीर ज्यानं लावली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. त्या साताऱ्याच्या नायगावच्या. १८९७ च्या प्लेगात पुण्यात लेकाच्या दवाखान्यात रोगी आणताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांना आपण शाळेसाठी आठवतो आणि ते बरोबरच आहे. पण साथीच्या कामात जीव गेलेली ही बाई जनआरोग्याच्या कुठल्याही परिषदेत पहिल्या खुर्चीवर शोभली असती. मग सत्कार झाले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. नारळांची संख्या पाहता त्या दिवशी सांगलीत चटणी महाग झाली असणार.

मग व्याख्यानं सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की या लोकांचा एक कुलाचार आहे. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण आधी लंडनचा एक नळ दाखवतो. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा झाला, जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं कुठल्या घरात किती मेले ते शोधलं, एका पंपाभोवती मृत्यूंची गर्दी दिसली आणि त्यानं त्या पंपाचं हँडल काढायला लावलं. दुपारपर्यंत तो पंप इतक्यांदा पडद्यावर आला की मला तहान लागली. पण त्या गोष्टीतली खरी गंमत चहाच्या वेळी पुतणीनं सांगितली. हँडल काढलं तोपर्यंत साथ आधीच ओसरू लागली होती. म्हणजे या शास्त्राच्या आद्य पुरुषालासुद्धा छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं की नेमकी किती माणसं मी वाचवली. पेढे तिथंही कुणी नेले नसावेत.

नळानंतर येतं अल्मा आटा. १९७८ च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघातल्या त्या शहरात १३४ देश जमले आणि सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य, असं ठरलं. या ठरावामागं जगभरातली जी थोडी उदाहरणं होती त्यात आपल्या जामखेडच्या आरोळे दांपत्याचंही होतं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवण्याचं. ते ऐकून सभागृह जरा ताठ बसलं. २००० साल आलं आणि गेलं. मग २०१५ ठरलं. आता २०३० चाललंय. एका वयस्कर प्राध्यापकांनी हसत हसत सांगितलं की विद्यार्थी असताना त्यांनी पहिलं साल पाठ केलं, नोकरीत दुसरं शिकवलं आणि तिसरं ते निवृत्तीनंतर घरी बसून बघणार आहेत.

पण या परिषदेत लोकांना खरी चिंता होती ती छेदाची. शाळेत अपूर्णांक शिकताना छेद हा खाली गप्प पडून राहणारा आकडा वाटायचा. इथं सगळा जीव त्याच्यात. हजार माणसांत किती आजारी, हे सांगायचं तर आधी हजार माणसं हवीत ना? २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळं देशभरातले शहाणे लोक २०११ च्या आकड्याला अंदाजाचं ठिगळ लावून भागाकार करतायत. साताऱ्याची लोकसंख्या तेव्हा ३० लाखांच्या किंचित वर होती, सांगलीची २८ लाख. आणि यातला माणूस घरी असतो कुठं? पाटणचा बाप्या मुंबईत माथाडी. विट्याचा, आटपाडीचा, खटावचा गलाईवाला सोनं गाळायला भारतभर पांगलेला, त्याचं दुकान तमिळनाडूत आणि मतदान गावात. उसाच्या दिवसांत जतेकडची आणि बीडची बिऱ्हाडं कारखान्याच्या कडेला कोप्यांत येऊन राहतात, ती कुठल्या गावच्या छेदात धरायची? साताऱ्यात २०११ मध्ये हजार पुरुषांमागं ९८८ बायका होत्या. कुणालाही वाटेल, काय सुरेख समतोल! तो समतोल पुरुष मुंबईला गेल्यामुळं आहे. शून्य ते सहा वर्षांची पोरं मुंबईला जात नाहीत, म्हणून खरा आकडा त्यांच्यात दिसतो. तो मी जरा पुढं सांगतो.

छेदाइतकंच दुखणं खऱ्या उत्तरांचं. आपल्याकडं माणसाला वय विचारलं की तो गोल आकडा सांगतो. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. त्रेपन्न वर्षांचा माणूस सर्व्हेत सापडणं दुर्मीळ, आणि सापडला तर तो शिक्षक असतो. शून्यावर आणि पाचावर किती गर्दी झाली हे मोजायला या लोकांनी एक निर्देशांकच करून ठेवलाय, व्हिपलचा. मला हे शास्त्र आवडायला लागलं ते इथून. लोक खोटं बोलतात यावर न रागावता, किती खोटं बोलतात ते मोजून ठेवणारं शास्त्र सभ्यच म्हटलं पाहिजे.

पुतणीचा निबंध मिश्रीवर होता. सातारा-सांगलीकडं ज्यांच्या आज्या होत्या त्यांना मिश्री सांगायला नको. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, बारीक करून डबीत, सकाळी दातांना आणि मग दिवसभर अधूनमधून. सर्व्हे करणारी पोरं सुरुवातीला छापील प्रश्न विचारायची आणि पुतणीनं तो संवाद जसाच्या तसा व्यासपीठावर वाचून दाखवला.

"मावशी, तंबाखू खाता का?"

"न्हाई बा. आमच्यात बायका तमाकू खात न्हाईत."

"मग मिश्री?"

"ती लावती की! ती काय खात्यात व्हय? दातास्नी लावायची."

पहिल्या प्रश्नावर थांबलं तर अख्खं गाव निर्व्यसनी निघतं. सभागृह हसलं, पण हसताना अनेकांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या शेजारच्या, नागपूरकडून आलेल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे खर्रा." आणि पुढची पाच मिनिटं आमची रांग निरनिराळ्या जिल्ह्यांत तंबाखू कुठल्या नावानं लपते यात गढून गेली. त्या पाच मिनिटांत मला अधिवेशनाच्या छापील पुस्तिकेपेक्षा जास्त कळलं.

जेवण उत्तम होतं. मीठ कमी खावं या विषयावरचं सत्र बरोबर एक वाजता संपलं आणि एक वाजून दहा मिनिटांनी लोणचं, पापड आणि ठेच्याच्या टेबलापाशी सर्वांत लांब रांग होती. परिसर साखर कारखान्यांचा, त्यामुळं गुलाबजामला नाही म्हणणं म्हणजे यजमानांच्या सहकार चळवळीला नाही म्हणणं. मधुमेहावर सकाळी कळवळून बोललेले एक सर वाटीत दोन गुलाबजाम घेऊन माझ्यापुढं उभे होते. मी बघितलं तर म्हणाले, "मी लोकसंख्येबद्दल बोलत होतो." हे उत्तर मला शास्त्रीयदृष्ट्या अचूक वाटलं.

कारण त्याच सरांनी सकाळी जेफ्री रोझची गोष्ट सांगितली होती. हा ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ. त्यानं १९८५ मध्ये एक निबंध लिहिला, आणि त्यातली गोम अशी: फार धोक्यातली माणसं थोडी असतात, किंचित धोक्यातली माणसं लाखो असतात, आणि म्हणून रोगी जास्त निघतात ते या दुसऱ्या गटातून. सगळ्या जिल्ह्यानं आमटीत चिमूटभर मीठ कमी टाकलं तर कित्येकांचे झटके टळतील. पण कुणाचे टळले हे कधीच कळणार नाही, आणि प्रत्येक घरात मात्र रोज कुणीतरी म्हणेल, आमटी अळणी झालीय. फायदा जिल्ह्याला, तोंड वाकडं घराघरांत. पुतणीच्या अख्ख्या धंद्याचं दुखणं रोझनं तिच्या जन्माआधी लिहून ठेवलं होतं. मी तिच्याकडं बघितलं. ती ठेच्याच्या रांगेत होती.

आता तो पुढं सांगतो म्हणालेला आकडा. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागं साताऱ्यात ८७८ मुली निघाल्या आणि सांगलीत ८५१. पाणी, ऊस, शाळा, दवाखाने, सहकार, सगळं असलेला हा पट्टा. सोनोग्राफीचं मशीनही इथं लवकर पोचलं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. आणि तरी २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. जिथं देशभरातून माणसं बरी व्हायला येतात त्या मिरजेपासून ते गाव हाकेच्या अंतरावर आहे. या सत्राला कुणी हसलं नाही. चहाची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही.

साताऱ्यानं या विषयात एक काम केलंय, ते मात्र मी सातारकर म्हणून ताठ मानेनं सांगतो. आमच्याकडं तिसरी-चौथी मुलगी झाली की नाव ठेवत 'नकोशी'. म्हणजे आता पुढची नको, देवाला निरोप. निरोप देवाला आणि हाक जन्मभर त्या पोरीला. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यानं गावोगाव शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात एक समारंभ करून २८५ नकोश्यांना नवी नावं दिली. नावं पोरींनी आपापली निवडली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. बातमी जगभर गेली. आता सांगा, हे कुठल्या आजारावरचं औषध? यानं ताप उतरला नाही, रक्त वाढलं नाही. आरोग्य खात्यानं हजेरीपटातली नावं बदलायचं काम का अंगावर घ्यावं, असा प्रश्न आमच्या आत्यानं नक्की विचारला असता. पण शाळेत हाक मारली की मान खाली घालणाऱ्या पोरीची मान वर येणं याला आरोग्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

त्याच जिल्हा परिषदेची त्याआधीची एक योजना इतकी गंभीर नव्हती. २००७ मध्ये तिनं नवविवाहितांसाठी 'हनिमून पॅकेज' काढलं. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर ५,००० रुपये, आणखी लांबवला तर आणखी. आरोग्यसेविकेनं नव्या नवरीकडं जाऊन हा विषय कसा काढला असेल, सासू कुठं बसली असेल आणि मधुचंद्राचं अनुदान मिळवायचा अर्ज कुणी भरला असेल, यावर एक नाटक होऊ शकतं. अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. हसावंसं वाटतं, पण मला आठवतात ते र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्यांचंच म्हणणं शंभर वर्षांच्या आत झेडपी रोख पैसे देऊन घरोघर सांगत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, म्हणजे बाईमागं दोन मुलंही नाहीत. लोकसंख्या कशी थोपवावी हा विषय या परिषदेत निघालाच नाही. म्हातारपण कुणी सांभाळायचं, यावर दोन सत्रं झाली. कर्वे असते तर त्यांनी त्यातही भांडण काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लोक परतीच्या गाड्यांची वेळ बघत असताना, आशाताईंचं सत्र ठेवलं होतं. २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव नेमलेल्या या बायका. पाटणच्या डोंगरातल्या एका वाडीच्या ताई माइकसमोर आल्या. सूत्रसंचालकांनी विचारलं, "ताई, गेल्या वर्षातलं तुमच्या कामाचं सगळ्यात मोठं यश सांगा." त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "सायेब, गेल्या साली आमच्या वाडीत काय बी झालं न्हाई."

सभागृहात खसखस पिकली. सूत्रसंचालकांनी पुन्हा विचारलं, तसं नाही, एखादा प्रसंग वगैरे. त्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. चार बाळंतपणं, चारी दवाखान्यात, चारी बाया घरी आल्या. एक पोर कमी वजनाचं होतं, आता रांगतंय. पावसाळ्यात जुलाब न्हाईत. एका म्हाताऱ्याची टीबीची गोळी चुकली न्हाई. "म्हंजे काय झालंच न्हाई," असं म्हणून त्या खाली बसायला निघाल्या. पुतणी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग बाकीचेही उठले. लंडनच्या नळाला दोन दिवसांत एकदाही टाळी पडली नव्हती.

परतताना गाडीत पुतणी डॉ. नरेंद्र दाभोलकरांविषयी बोलत होती. ते साताऱ्याचे, एमबीबीएस झाले मिरजेत. बारा वर्षं दवाखाना चालवला आणि मग बंद केला. साताऱ्यात परिवर्तन नावाचं व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम केलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्यांनी दवाखाना का बंद केला, हे मला आधी कोडं होतं. माणूस बरा करायला शिकलेला डॉक्टर जाणूनबुजून असं काम घेतो ज्यात यश म्हणजे कुणीतरी मांत्रिकाकडं न जाणं, कुणीतरी बाटली न उघडणं. आशाताईंना ऐकल्यावर कोडं उरलं नाही.

आत्याला पुतणीचं काम अजून पटलेलं नाही. पण हल्ली तिनं आपली मिश्रीची डबी कोनाड्यात न ठेवता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीय, जिथं तिचा हात पोचायला स्टूल लागतं. तिच्या वयात दिवसातून आठ वेळा कुणी स्टुलावर चढत नाही. पुतणी याला आपल्या संशोधनाचं यश समजते. मी काही बोलत नाही.

वाचकहो, एवढं करा. नवी जनगणना २०२७ ची ठरली आहे. मोजणारा दारात येईल. आशाताई तर येतच असते. तिला पाणी विचारा, बसायला खुर्ची द्या आणि वय विचारलं तर त्रेपन्न असेल तर त्रेपन्नच सांगा. मिश्री लावत असाल तर तीही सांगा.